व्याकरण तपासणारं ॲप: ‘टीम इज’ की ‘टीम आर’ इथे अडतं, मराठीत जास्तच अडतं

माझं काम असं की दिवसभर इंग्रजी आणि मराठी दोन्ही मजकूर नजरेखालून जातो, अहवाल, प्रेस नोट, वेबसाइटचा मजकूर, अधूनमधून खेळाच्या बातम्या, आणि त्यासाठी एक व्याकरण तपासणारं ॲप पैसे भरून वापरतेय. ॲपचं नाव देत नाहीये. मला त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय, आणि तुम्ही जे कुठलं टूल वापरत असाल त्यात खालची वाक्यं टाकून बघितलीत तर ते कुठे उभं आहे हे तुमचं तुम्हालाच कळेल. गोष्ट म्हणजे समूहवाचक नामं. टीम, कमिटी, स्टाफ, फॅमिली, क्राउड, मराठीत संघ, समिती, जमाव, मंडळी. शब्द एक, माणसं अनेक, मग क्रियापद एकवचनी घ्यायचं की अनेकवचनी? ऐकायला बारीकसारीक वाटतं पण चाळीस पानांच्या अहवालात ‘द कमिटी’ हा शब्द पानोपानी येतो, आणि एका पानावर ‘हॅज’ आणि दुसऱ्या पानावर ‘हॅव’ झालं की वाचणाऱ्याला खटकतंच, का खटकलं ते त्याला सांगता आलं नाही तरी.

आधी जे चांगलं आहे ते. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरं नाम घुसलं की माणसाचा हात चुकतो, ‘द लिस्ट ऑफ मेंबर्स आर रेडी’ असं लिहून होतं, कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘मेंबर्स’ बसलेलं असतं. हे ॲप अचूक पकडतं, मध्ये कितीही लांबलचक शब्द असले तरी. ‘द नंबर ऑफ’ ला एकवचन आणि ‘अ नंबर ऑफ’ ला अनेकवचन हा फरकही त्याला नीट कळतो, आणि हा फरक भलेभले लिहिणारे विसरतात. ‘द पोलीस इज’ लिहिलं की लगेच ‘आर’ सुचवतं, ते बरोबरच आहे, इंग्रजीत पोलीस या शब्दाला अनेकवचनच लागतं, ब्रिटिश असो की अमेरिकन. एवढ्यासाठीसुद्धा मी हे ॲप ठेवीन, घाईच्या वेळी यानं खूपदा वाचवलंय.

खरी अडचण पुढे आहे. सेटिंगमध्ये अमेरिकन इंग्रजी निवडलं की ‘द टीम आर’ खाली लाल रेघ येते, आणि ब्रिटिश निवडलं की रेघ जाते. म्हणजे ॲपच्या मते हा फक्त कुठल्या देशाचं इंग्रजी एवढाच प्रश्न आहे. अर्धी गोष्ट बरोबर आहे, अमेरिकेत साधारण एकवचन घेतात आणि ब्रिटनमध्ये दोन्ही चालतं. पण ‘दोन्ही चालतं’ याचा अर्थ वाटेल ते चालतं असा नाही ना. ब्रिटिश पद्धतीत लिहिणारा बघतो की गट एक होऊन काही करतोय की गटातली माणसं आपापलं करताहेत. समितीनं अहवाल दिला तर तिथे समिती एक आहे, ‘द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट’. समितीत मतभेद आहेत तर तिथे माणसं वेगवेगळी झाली, ‘द कमिटी आर डिव्हायडेड’. इथे वचन अर्थावरून ठरतं, नामाच्या रूपावरून नाही. ब्रिटिश सेटिंगमध्ये ॲप याबद्दल एक अक्षर बोलत नाही, नुसतं गप्प बसतं, आणि अमेरिकन सेटिंगमध्ये अर्थ न बघता सगळं एकवचनात ओढतं.

हे ओढणं कुठवर जातं ते सांगते. ‘द टीम आर पुटिंग ऑन देअर जर्सीज’ हे वाक्य टाकलं तर अमेरिकन सेटिंगमध्ये त्यानं ‘आर’ चं ‘इज’ केलं, पण ‘देअर’ तसंच ठेवलं. म्हणजे वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात टीम एक आणि दुसऱ्या अर्ध्यात अनेक. मग मी मुद्दाम हातानं ‘देअर’ चं ‘इट्स’ केलं, तर आता अख्ख्या टीमनं मिळून स्वतःच्या मालकीच्या जर्सी अंगावर चढवल्या असा काहीतरी अर्थ निघायला लागला, आणि ॲपला यात काहीच गैर वाटलं नाही, हिरवी खूण. चांगला अमेरिकन संपादक इथे काय करेल? तो वचनाशी झगडत बसणारच नाही, ‘द प्लेयर्स’ लिहून मोकळा होईल. ॲपनं हे सुचवायला हवं होतं. कर्ता बदला, एवढं दोन शब्दात सांगितलं असतं तरी लिहिणाऱ्याचं भलं झालं असतं.

आणि हीच माझी इंग्रजीच्या बाजूची सगळ्यात मोठी तक्रार आहे, सर्वनामांची. एकवचन घ्या की अनेकवचन घ्या, यावर माणसं वाद घालू शकतात, पण एकाच वाक्यात ‘द कंपनी हॅज’ आणि पुढे ‘दे’, पुढच्या वाक्यात ‘इट्स’, त्याच्या पुढच्यात परत ‘देअर’, ही सरमिसळ कुठल्याच पद्धतीत चांगली समजत नाहीत. तपासणारं टूल नेमकं इथे कामाला यायला हवं, कारण माणसाला दहा पानांपूर्वी आपण काय लिहिलं ते आठवत नाही, मशीनला आठवतं. हे ॲप मात्र एकेक वाक्य सुटं सुटं तपासतं. आख्ख्या डॉक्युमेंटमध्ये ‘कमिटी’ पहिल्यांदा एकवचनात आली आणि नंतर अनेकवचनात गेली हे त्यानं मला एकदाही दाखवलं नाही. मी शेवटी शोध-बदल लावून स्वतःच बघते.

अपवादांच्या बाबतीतही ॲप कच्चं आहे. बीबीसीच्या बातम्यांची पद्धत बघा, कंपन्या, सरकारं, संस्था यांना ते एकवचन घेतात, पण खेळाच्या संघांना अनेकवचन. म्हणून सामना चालू असताना ‘इंग्लंड आर’ आणि देशाबद्दल बोलताना ‘इंग्लंड इज’. एकच नाव, आणि नुसत्या क्रियापदावरून वाचणाऱ्याला कळतं की अकरा खेळाडूंबद्दल चाललंय की देशाबद्दल. किती सुंदर सोय आहे ही! आणि अमेरिकेतसुद्धा नियम इतका सरळ नाही, ॲसोसिएटेड प्रेस या तिथल्या वृत्तसंस्थेच्या पद्धतीत ‘मायामी हीट’ सारख्या संघनावाला, ज्यात अनेकवचनाचं काहीच चिन्ह नाही, अनेकवचनी क्रियापद घेतात, पण नुसतं शहराचं नाव संघासाठी वापरलं तर एकवचन. ॲपच्या अमेरिकन सेटिंगला यातलं काही माहीत नाही, ‘हीट आर’ खाली रेघ मारून मोकळं होतं. खेळाच्या बातम्या करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, डोळे झाकून ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबलंत तर चांगल्या बातमीची वाट लागेल.

युनायटेड स्टेट्सचंही तसंच. आज सगळे ‘द युनायटेड स्टेट्स इज’ लिहितात आणि ॲपही तेच मागतं, ठीक आहे. पण 1787 मध्ये लिहिलेल्या त्यांच्या संविधानात देशद्रोहाचं जे कलम आहे तिथे युनायटेड स्टेट्सला सर्वनाम ‘देम’ वापरलंय, आणि गुलामगिरी संपवणाऱ्या 1865 च्या तेराव्या दुरुस्तीतही ‘देअर’ आहे. लिहिणाऱ्यांच्या मनात तेव्हा अनेक राज्यं होती, नंतरच्या लोकांच्या मनात एक देश झाला, आणि क्रियापद मनामागून गेलं. असा जुना उतारा मी अहवालात अवतरण म्हणून घेतला तर ॲप अवतरणचिन्हांच्या आतही दुरुस्ती सुचवतं! अवतरणाच्या आत हात घालू नये एवढी साधी गोष्ट तरी सेटिंगमध्ये असायला हवी होती.

आता मराठी. ॲपवाले म्हणतात मराठी चालतं, आणि शुद्धलेखन खरंच बऱ्यापैकी चालतं, ऱ्हस्व-दीर्घ पकडतं, ‘आणि’ ला चुकून दीर्घ वेलांटी दिली तर दाखवतं. पण समूहवाचक नामं आली की त्याच्यातलं इंग्रजी उघडं पडतं, खास करून भाषांतराचं फीचर वापरलं तर. ‘द टीम आर ट्रेनिंग’ याचं त्यानं मला दिलं ‘संघ सराव करत आहेत’. वाचून बघा. तुमच्या डोळ्यासमोर किती संघ आले? माझ्यासमोर दोन-तीन तरी आले. आणि मूळ वाक्यात संघ एकच आहे.

असं का होतं ते जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीत हा प्रश्न इंग्रजीसारखा नाहीच आणि हे ॲप बनवणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. इंग्रजीत ‘टीम’ चं ‘टीम्स’ होतं, नामावरूनच कळतं एक की अनेक, म्हणून क्रियापदाला थोडी मोकळीक मिळते, ते गटाबद्दल बोलतंय की माणसांबद्दल हे दाखवायला ते वापरता येतं. मराठीत ‘संघ’ चं अनेकवचन ‘संघ’. ‘गट’ चं ‘गट’, ‘वर्ग’ चं ‘वर्ग’, ‘कळप’ चं ‘कळप’, ‘थवा’ चं ‘थवे’ होतं पण ते आकारान्त म्हणून. स्त्रीलिंगी बघा, ‘संस्था’ चं ‘संस्था’, ‘संघटना’ चं ‘संघटना’. नाम तिथल्या तिथे आहे, मग किती आहेत हे कोण सांगणार? क्रियापद. ‘संघ आला’ म्हणजे एक, ‘संघ आले’ म्हणजे जास्त. ‘संस्था काम करते’ म्हणजे एक, ‘संस्था काम करतात’ म्हणजे अनेक. मराठीत क्रियापदाच्या खांद्यावर ही मोजदाद आधीच आहे, त्याच्यावर ब्रिटिश पद्धतीचं दुसरं ओझं टाकता येत नाही, टाकलंत तर अर्थच बदलतो. म्हणून ‘संघटना मागणी करत आहेत’ असं एकाच संघटनेबद्दल लिहिलेलं वाक्य नुसतं कानाला खटकणारं नाही, ते चुकीची माहिती देणारं आहे. ‘समिती’ ला हा धोका कमी, कारण ‘समित्या’ वेगळं दिसतं, तसंच ‘टोळी’ आणि ‘टोळ्या’.

यात एक मजेशीर भाग असा की हा धोका सगळ्या वाक्यांत नसतो. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की बहुतेक वेळा कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, कर्माकडे बघतं. ‘समितीने निर्णय घेतला’, ‘समितीने निर्णय घेतले’, ‘समितीने बैठक घेतली’, समिती तीच, क्रियापद मात्र निर्णय आणि बैठकीच्या मागे. ‘समितीने अधिकाऱ्याला बोलावलं’ यात तर क्रियापद कोणाच्याच मागे नाही, भावे प्रयोग. आणि ‘ने’ लागल्यावर नामावरच वचन दिसतं, ‘संघाने’ आणि ‘संघांनी’. म्हणजे प्रश्न उरतो तो कर्तरी प्रयोगात, जिथे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, संघ जिंकला, समिती भेटली, जमाव पांगला, संस्था करते, अशा ठिकाणी. मराठी तपासणाऱ्या टूलला प्रयोग ओळखता आला पाहिजे, नाहीतर ते कशाच्या भरवशावर वचन तपासणार? हे ॲप प्रयोग ओळखत असेल असं मला त्याच्या सूचनांवरून वाटत नाही. ‘खेळाडूंचा चमू रवाना झाले’ हे वाक्य त्यानं जसंच्या तसं पास केलं. चमू रवाना झाला. खेळाडू रवाना झाले. इंग्रजीत ‘लिस्ट ऑफ मेंबर्स’ पकडणारं हेच ॲप, मराठीत तीच चूक समोरून जाऊ देतं.

मग मराठीत गटातली माणसं वेगवेगळी आहेत हे दाखवायचं कसं? आपण रोज दाखवतोच. ‘वर्गातली मुलं’, ‘समितीचे सदस्य’, ‘जमावातले काही जण’, ‘घरचे’. ‘कुटुंब म्हणतंय’ असं कोण बोलतं, आपण ‘घरचे म्हणताहेत’ म्हणतो. आणि ‘आपापला’ तर फारच गुणी शब्द आहे. ‘सगळा वर्ग आपापल्या जागेवर बसला.’ वर्ग एकवचनी, बसला एकवचनी, तरी प्रत्येक जण वेगळ्या जागेवर बसला हे स्वच्छ कळतं. इंग्रजी ज्या कामासाठी ‘आर’ आणि ‘देअर’ ची जोडी लावतं ते काम इथे एका शब्दानं झालं आणि वचनाला धक्का लागला नाही. इट्स की देअर हा घोळसुद्धा ‘आपला’ मुळे होत नाही, ‘समितीने आपला अहवाल दिला’, विषय संपला. ॲपच्या भाषांतरात मात्र ‘समितीने त्यांचा अहवाल दिला’ येतं, आणि वाचणारा शोधत बसतो की हे ‘त्यांचा’ म्हणजे नक्की कोणाचा, अहवाल दुसऱ्याच कोणाचा होता की काय. मी ज्या ज्या मजकुरावर भाषांतर फीचर चालवलं तिथे मला सगळ्यात जास्त वेळा हाच शब्द बदलावा लागलाय.

मंडळी हा शब्द ॲपची खरी परीक्षा घेतो. कोशात तो स्त्रीलिंगी. ‘सगळी मंडळी जमली होती’ हे वाक्य घ्या, यात ‘जमली होती’ हे स्त्रीलिंगी एकवचन म्हणूनही बसतं (सभा जमली होती) आणि नपुंसकलिंगी अनेकवचन म्हणूनही (मुलं जमली होती). म्हणून भूतकाळात कोणी भांडत नाही. पण वर्तमानकाळात आणलं की निवड करावीच लागते, ‘जमली आहे’ की ‘जमली आहेत’? बोलताना बहुतेकांच्या तोंडी ‘मंडळी जमली आहेत’, ‘मंडळी आलीत’ हेच येतं, आणि ‘मित्रमंडळींनी’ मध्येही तो अनुस्वार अनेकवचनाचाच आहे. म्हणजे बोलणाऱ्यांनी मंडळी हा शब्द जवळजवळ ‘मुलं’ सारखा वापरायला घेतलाय, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं, कारण मंडळी म्हटल्यावर समोर माणसं येतात, संस्था येत नाही. त्याच्याच घरातला ‘मंडळ’ मात्र पक्का एकवचनी, ‘शिष्टमंडळ भेटलं’, ‘मंत्रिमंडळ बसलं’. ॲपनं ‘मंडळी जमली आहेत’ ला काय सुचवावं? ‘मंडळी जमल्या आहेत’. स्त्रीलिंगी शब्द, अनेकवचन हवं, म्हणून ‘जमल्या’. नियम लावलाय, भाषा ऐकलेली नाही. घरची मंडळी जमल्या आहेत असं मी तरी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

‘लोक’ ला अनेकवचन, ‘जनता’ ला एकवचन, हे त्याला येतं. ‘निम्मा वर्ग आला नाही’ आणि ‘निम्मी मुलं आली नाहीत’ दोन्ही पास करतं, तेही बरोबर. ‘पोलीस आला’ आणि ‘पोलीस आले’ मध्ये ते काहीच बोलत नाही, आणि बोलूही नये, कारण मराठीत पोलीस म्हणजे एक माणूसही असतो आणि सगळं खातंही, इंग्रजी ‘पोलीस’ सारखं इथे नाही.

कस्टमर सपोर्टला मी ‘संघ सराव करत आहेत’ आणि ‘मंडळी जमल्या आहेत’ ही दोन्ही वाक्यं कारणासकट लिहून पाठवली. उत्तर लगेच आलं, नम्र होतं, पण त्यात लिहिलं होतं की समूहवाचक नामांसाठी ब्रिटिश सेटिंग निवडून बघा. मराठी मजकुरासाठी ब्रिटिश सेटिंग! म्हणजे वाचणाऱ्यानं प्रश्न वाचलाच नाही किंवा त्यांच्याकडे मराठी बघणारं माणूस नाही. मराठी चालतं असं जाहिरातीत लिहिता तर एक मराठी वाचणारा माणूस टीममध्ये ठेवा, ही अपेक्षा जास्त नाही.

घ्यावं का? इंग्रजीत लिहीत असाल, मोठे अहवाल, लांब वाक्यं, तर घ्या, पाचपैकी चार देईन, फक्त समूहवाचक नामांची सूचना आली की ‘ॲक्सेप्ट’ दाबण्याआधी थांबून बघा की तुमची कमिटी तिथे एक आहे की फुटलेली आहे, आणि एकदा ठरवलंत की शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा, सर्वनामांसकट, कारण ते काम ॲप करत नाही. एक उपाय मला कामाचा वाटला, ॲपमध्ये स्वतःची शब्दसूची करता येते, तिथे प्रत्येक कामासाठी त्या क्लायंटची पद्धत नोंदवून ठेवा, कंपनी एकवचन, संघ अनेकवचन वगैरे, मग निदान त्या शब्दांवरच्या रेघा थांबतात. मराठीसाठी फक्त शुद्धलेखनापुरतं वापरा, त्याला तीन. भाषांतर फीचरला एक, आणि तो एकही ‘जनता’ बरोबर केली म्हणून. पुढच्या अपडेटमध्ये मराठीचा प्रयोग ओळखायला लागलं आणि ‘त्यांचा’ च्या जागी ‘आपला’ द्यायला लागलं तर हा रिव्ह्यू बदलून लिहीन.